शिंपल्यातलं रेडियम

३ नोव्हेंबर
प्रज्ञासोबत मुकुटबनकडे गेलतो. मोटरसायकल मीच चालवली. एस.टी.ची ड्रायव्हरी सुटली, पण पोरगी अजून बापाच्याच मागं बसते. कारखान्याच्या राखेच्या ढिगाऱ्याखालून येणारा नाला नदीले मिळते तिथं ती चिखलात उतरली. गाळ, शिंपले, बारीक मासोळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरल्या. नदीवर वरच्या अंगाले डोह आहे, तिथं नाल्याचं पाणी जात नाही; तिथलेही घेतले. पीएच.डी.चं काम.
"बाबा, कोळशाच्या राखेत थोडं रेडियम राह्यते. ते कुठवर जाते, पाहून राह्यली."
रेडियम म्हणजे मले गाडीमागची चमकपट्टी वाटली. पोरगी हसली नाही. नीट समजावलं.

९ नोव्हेंबर
समजलं ते असं. पाण्यात नावापुरतं, गाळात जास्त. शिंपला सारखं तेच पाणी गाळत बसते. त्याचं शरीर रेडियमले चुना समजते अन् साठवून ठेवते, वर्षानुवर्षं. माशाच्या काट्यातही तसंच.
म्हटलं, मंग मोठ्या माशात सगळ्यात जास्त?
"नाही बाबा, हे तसं वर चढत नाही. मोठ्याच्या मांसात कमी. शिंपल्यात अन् काट्यासगट खायच्या मासोळीत जास्त."
म्हणजे ज्याले मोठा मासा परवडत नाही, त्याच्याच ताटात.

२१ नोव्हेंबर
तपासणीचा रिपोर्ट आला. नाल्याजवळच्या शिंपल्यांत वरच्या डोहापेक्षा बरंच जास्त. तिचे सर म्हणतात, दुसऱ्या लॅबमधून पक्कं होईस्तोवर गावात बोलू नको. त्यांचंही चूक नाही, असं तीच म्हणते. पण नाल्यावर शिंपले वेचणारी मंदा पोटुशी आहे. सासू गिरजाबाई ताकदीसाठी तिले शिंपल्याचाच रस्सा देते. पोरगी दोन घास खाऊन उठली.

२३ नोव्हेंबर
सकाळी पोरीनं सरांले फोन केला. "सर, मी सांगणार. जे माहीत नाही तेही सांगीन." चोरून काही नाही.
गिरजाबाईच्या अंगणात बाया जमल्या. प्रज्ञानं घाबरवलं नाही, गोडही बोलली नाही. अजून पक्कं नाही, तोवर नाल्याचे शिंपले अन् बारीक मासोळ्या खाऊ नका, मंदानं तर नाहीच. डोहातलं चालते. मोठ्या माशाचं मांस चालते.
गिरजाबाई भडकली. "उद्या आमचे मासे कोण घेईल? तुह्या पुस्तकापायी आमची चूल कायले विझवतं?"
"आजी, मी चुकली तर इथंच येऊन सांगीन."
"मोठा मासा चालते ना? मंग खा आमच्या घरी."
मरळ होती, नाल्याच्या तोंडाशी धरलेली. पोरगी मांडी घालून बसली, काटे बाजूले काढत पोटभर जेवली. मीही जेवलो. पहिल्या घासात काटे दोनदा चाचपले.
भाषणं लय ऐकली. 'मले एवढंच माहीत आहे' असं उभं राहून सांगणारी ही पहिलीच पाह्यली. घरची आहे म्हणून नाही लिहीत. किंवा असंल, म्हणूनही लिहीत असंल.

३० नोव्हेंबर
मंदाचा फोन. नवरा आता डोहावर जाते, लांब पडते. सासू शिंपले आणत नाही, पण प्रज्ञाचं नाव काढलं की उठून जाते. पोरगी म्हणे, "रागावू दे. आणत नाही ना."

७ डिसेंबर
मुकुटबनचा बाजार. दुसरा रिपोर्ट अजून नाही. बोभाटा झालाच. लोक गिरजाबाईच्या टोपल्यापाशी थांबतात, पाहतात, पुढं जातात. मले वाटलं, आता इथून निघावं. पोरगी मात्र सरळ जाऊन तिच्या बाजूले जमिनीवर बसली. गिरजाबाईनं बसायचं पोतं थोडं तिच्याकडे सरकवून दिलं.
एका बाईनं विचारलं, "मासे कुठले?"
"डोहातले," प्रज्ञा म्हणे. "तिथले मी तपासले आहेत."
"अन् नाल्याचे?"
"तपासून राह्यली. सध्या नका खाऊ."
बाईनं रोहू उचलला, कल्ले उघडून पाह्यले. गिरजाबाई बाईकडे न पाहता माशांवर पाणी शिंपडत राह्यली. बाई मासा हातात धरून तशीच उभी, परत ठेवत नाही, पैसेही काढत नाही.