खोली झाडू नकोस

चिमणे,

घरात आलीस की माझ्या खोलीत झाडू लावू नकोस. फरशीवर कुठेतरी गिऱ्हाईकाच्या घड्याळाचा स्क्रू पडलाय, तिळापेक्षाही बारीक.

झालं असं, की तू कॉम्प्युटरची धूळ उडवायला आणलेला तो चार्जिंगचा ब्लोअर मी घेतला. हो, ज्याला पहिल्या दिवशी नावं ठेवली तोच. तुझा कीबोर्ड झाला, पंख्याची जाळी झाली, रेडिओ झाला. मग हात आवरेना. टेबलावरच्या घड्याळावरही फुल स्पीडला हवा मारली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, उघड्या घड्याळावर हातानं दाबायच्या रबरी फुग्यानंसुद्धा जपून फुंकर घालतो. पण ते मागून उघडं आहे, हे मला दिसलंच नाही.

तुला कधीच कळलं होतं, म्हणून तर हल्ली चहाचा कप टेबलावर न ठेवता माझ्या हातात देतेस. मीच वर्षभर 'चष्मा जुना झालाय' म्हणून वेळ मारून नेत होतो. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. शेजारचे मास्तर सोबत आहेत, तेव्हा धावत येऊ नकोस.

ब्लोअर चार्जिंगला लावलाय. यंत्र चांगलं आहे, माझे शब्द मागे घेतो.

फरशीवर टॉर्च आडवा धरून स्क्रू शोध. सापडला तर डबीत ठेव. तुलाही दिसला नाही, तर मात्र मी आल्याआल्या सांग. तुझ्या बापाला तेवढंच बरं वाटेल.

बाबा