डाळिंबी रेशमाच्या दोन लडी

६ नोव्हेंबर २००५
मागावरचा शंभरचा बल्ब अखेर उतरला! भाऊबीजेला किशोर नाशिक रोडहून येवल्याला आला तेव्हा सीएफएल घेऊन आला होता. माझ्या हट्टाने तो आज लावला. हे कुरकुरत होते — "एवढीशी वळलेली नळी, ती काय उजेड देणार?" किशोर वायरमन, समजावायला त्याला जोर येतो. नळीत पाऱ्याची वाफ असते म्हणे. विजेने ती चेतली की न दिसणारा प्रकाश निघतो, आणि आतला पांढरा लेप त्याचा आपल्याला दिसणारा उजेड करतो. तार तापवायची भानगडच नाही, म्हणून वीस वॅटमध्ये शंभरचं काम. "फुटला तर मात्र हाताने वेचू नको, ताई. पारा वाईट."

७ नोव्हेंबर
लावल्यावर मिनिटभर मंदच. मग लख्ख.

१८ नोव्हेंबर
ह्यांची कुरकुर बंद. बल्बखाली डोकं भाजायचं, घाम रेशमावर पडेल म्हणून गळ्यात पंचा असायचा. तो आता खुंटीला. बिलही उतरेल. कोंडाजी व्यापाऱ्यांची डाळिंबी पैठणी महिनाअखेर लग्नघरी जायची आहे. उद्या मी चार दिवस कळवणला, आईकडे.

२३ नोव्हेंबर
परत आले. मी नसताना रेशीम संपलं, ह्यांनी नवी लड आणली, दिव्याखाली जुन्या रंगाशी जुळवली आणि वीतभर विणलं. आज कोंडाजींनी दार उघडून उजेडात पाहिलं — साडीत सरळ पट्टा! "यादव, वीस वर्षांत तुझा रंग कधी हुकला नाय. हे काय झालं?" हे बराच वेळ साडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिव्यानं फसवलं."
मला किशोरचा राग आला. मग स्वतःचा.

२४ नोव्हेंबर
किशोरला फोन केला.  म्हणाला, होऊ शकतं ताई — त्या लेपातून मोजकेच रंग निघतात, उन्हासारखे सगळे नाहीत. दोन वेगळ्या छटा त्यात एकसारख्या वाटू शकतात. रंग उन्हात जुळवा, विणायला दिवा चालेल. बिचाऱ्याचा आवाज पडला होता. ह्यांनी काही ऐकून घेतलं नाही, बल्ब परत चढवला. वीतभर विणलेलं आम्ही दोघांनी मिळून उसवलं. दिवस गेला.

२६ नोव्हेंबर
आज ह्यांनी बाजारातून दुसरी लड आणली. भर दुपारी अंगणात, उन्हात, जुन्या धाग्याशेजारी धरली. कितीतरी वेळ बघितलं. चेहरा खुलला. "बघ, उन्हात कसा बरोबर जुळला."
मी उंबऱ्यात उभी होते. तिथूनही दोन रंग वेगळे दिसत होते.
दिव्याचा काही दोष नव्हता. आता डोळ्यांचं ह्यांना सांगायचं कोणी? मीच.