रादकोची सायकल

आई,
तुझ्या हातावर ओठ टेकवून लिहितो. मी सुखरूप आहे. तुझी बानित्सा दोन दिवस पुरवून खाल्ली. गुडघा कसा आहे?

मंगळवारी सकाळी गाडी चालवून पाठ धरली, म्हणून घाटाखाली थांबलो. आपला रादको गेल्यापासून टपावरच असलेली त्याची सायकल काढली. रानातली वाट छान निघाली. वाटेत कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेल्या दगडी पाणवठ्यावर पाणी प्यायलो. पण असं पाणी प्यायल्यावर म्हणायचं ते "देव मृतांना क्षमा करो" काही म्हणवेना. त्या मृतांत रादकोही आला असता.

चढावर मागून दुसऱ्या सायकलची टिकटिक येऊ लागली. मी थांबलो की तीही थांबे. वळून पाहिलं तर वाट रिकामी.

उतरताना शेळ्या राखणाऱ्या आजीने हटकलं, "काय रे शहाण्या, भावाला वरच सोडलंस?"

"कुठला भाऊ, आजी?"

"तुझ्या मागून चढला तो! नाक तर तुझंच होतं."

घाबरू नकोस, आई. मी पाणवठ्यावर परत गेलो आणि रादकोचं नाव घेऊन ते शब्द म्हटले. त्याच्या मृत्यूच्या वर्षदिनाला लोकांच्या आठवणीसाठी भिंतीवर चिकटवायला तू दिलेला त्याच्या फोटोचा कागद मी गाडीतच दडवला होता. तो आणून पाणवठ्याच्या दगडावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा चिकटवला आहे.

तुझा,
स्तामेन