कोरी पाटी

४ ऑगस्ट
धाकट्या, आल्या दिवसापासून वही लिहीन आणि तुला पाठवीन म्हणालो होतो. आज आठवडा झाला, उशिराबद्दल रागावू नकोस. तुझ्या पुतणीचं घर लख्ख आहे. मला वेगळी खोली, उशाशी दिवा. काल तिने विद्यापीठातला आपला विभाग दाखवला. सव्वीस वर्षं शिकवतेय तिथं! लिपिकाने माझ्यासाठी खुर्ची पुसली. विभागप्रमुख म्हणाले, मॅडमशिवाय इथलं पान हलत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. छाती फुगली, खोटं कशाला सांगू. फक्त तिच्या दारावरची नावाची पितळी पाटी काळी पडलेली. मनाला लागलं ते.

६ ऑगस्ट
आज पुन्हा तिच्या विभागात गेलो. ती वर्गात असताना पाटीचे चार स्क्रू काढले आणि पाटी घरी आणली. पॉलिश लावून तासभर घासली. अक्षरं कोरलेली असतील अशी माझी समजूत. रंगवलेली निघाली. सगळं नाव फडक्यावर आलं, पाटी कोरी. चिडेल ती. उशीखाली लपवलीय. रंगाऱ्याकडून गुपचूप लिहून आणीन.

७ ऑगस्ट
लेक दुपारीच परतली. विभागातल्या तिच्या खोलीच्या कुलपाला किल्ली लागेना म्हणे. लिपिकाने दार उघडलं तर आत मोडक्या खुर्च्या. तो म्हणाला, ताई, पाटी नाही ती अडगळीची खोली, तुम्हाला कोणाला भेटायचंय? तिला थट्टा वाटली. वेळापत्रकात तिच्या तासांच्या जागी रिकाम्या चौकटी. मला काढलंत तर कारण द्या, असं ती म्हणाली. विभागप्रमुख म्हणाले, काढायला आधी नेमावं लागतं. सगळे हसले म्हणे.
मी खाली मान घालून जेवलो. पाटीचं बोललो नाही. परत गावी पाठवलं तर?

९ ऑगस्ट
आज तिच्याबरोबर गेलो. जिन्यात तिचे विद्यार्थी भेटले. मला म्हणाले, आजोबा, सांभाळून. तिला खांदा लागला तर वळूनही पाहिलं नाही. लिपिकाने एकच खुर्ची दिली. विचारलं, एकटेच आलात?
ती माझा हात धरून उभी होती.

१० ऑगस्ट
शेजारीण दारात आली. एवढ्या घरात एकट्याला करमतं का, म्हणाली. आत लेक हुंदके देत होती. शेजारणीला ऐकू गेलं नाही.
शेवटी पाटी दाखवली. ती ओरडली नाही. चकचकीत पितळेत वाकून बघत राहिली. त्यात मी दिसत होतो. मागचं कपाट दिसत होतं. ती —
म्हणाली, बाबा, आत्ताच्या आत्ता लिहून आणा.
दुकान बंद होतं.

११ ऑगस्ट
रंगाऱ्याने ब्रश बुडवला. काय लिहू, विचारलं. मी तोंड उघडलं —
मीच ठेवलेलं नाव. जिभेवर होतं. तो हसला. म्हणाला, आजोबा, घरून चिठ्ठी आणा.
घरी पळालो. तिलाच विचारावं म्हणून. पण हाक कशी मारू? पोरी, अगं, बाळ — सगळ्या खोल्यांतून —

१२ ऑगस्ट
दोन कप विसळून ठेवलेत. दुसरा कोणाचा —
वहीत वर ‘लेक’ लिहिलंय. अक्षर माझंच आहे.
धाकट्या, तू तिला खांद्यावर घेऊन फिरायचास ना? नाव काय तिचं? लवकर कळव. रंगारी थांबलाय. लवकर कळव रे, मला मुलगी होती की —