झाडणीची साखर

प्रिय उद्धवा,

प्रेमसिंग फायरमननं हे पत्र तुझ्या हातातच दिलं ना? मी त्याला लेकराची शपथ घातली व्हती, का मेजावर ठिवू नको, डाकेत तर टाकूच नको. डाकेची थैली इथं टेसनमास्तरच्या, म्हंजी तुझ्या अण्णांच्या, हाताखालून जाती, आन हे पत्र त्यांच्या हाती पडायला नको. पूर्णेला तारबाबू झाल्यापासून तू आमाला इसरलास म्हणून शिव्या द्यायला लिहिलं असंल, असं वाटंल तुला. तसं असतं तर बरं झालं असतं. तिसरीतून शाळा सोडलेल्या माणसाला येवढं लिहायचं म्हंजी बैलाला सुई ओवायला लावणं हाय. तरी लिहून राहिलो. मधीच हसून फेकू नको, शेवटपत्तूर वाच.

हाल असा हाय, का टेसनामागची आपली हमालवाडी सरकारनं बंद केली. चहूकडून बाभळीचे काटे लावले, वाटेवर शिपाई बसवले. हैजा आला म्हणत्यात, जुनी माणसं पटकी म्हणत्यात तो. हिरीत लाल दवा टाकली, पाणी डाळिंबाच्या रसावानी झालं. भिकाबाई गेली. आपली भिकाबाई, उद्धवा. तुझ्या घरचं सोवळं चुकवून तू जिच्या हातची भाकर खायचास, आन घरी जाऊन पुन्हा वरणभाताला बसायचास, ती. मला तर तिनंच वाढवलं. तिच्यामागं आनखी माणसं गेली, त्यायची नावं लिहायला हात उठंना. आता तिची रूपी पडली हाय. सात वर्साचं लेकरू, वांत्यांनी उसाच्या चिपाडावानी झालंय. तिचा बाप, आपला लखमा मामा, तिला मांडीवर घिऊन बसतो आन माशा वारतो. पण हा हैजा न्हाई, उद्धवा. हे काय हाय ते मला ठावं हाय. इथं माझ्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई, तू तरी ठेव.

काहून ठेवतील म्हणा. टेसनावरचा तो टांगलेला रुळाचा तुकडा आपण भर दुपारी बडवला व्हता, आठवतं? पाशिंजर आली समजून आख्खं वऱ्हाड ट्रंका घिऊन फलाटावर पळालं, नवरदेवाची एक मोजडी रुळात पडली, आन गाडी अजून हिंगोलीहून निघायचीच व्हती. बडवला तू, कान पिळला माझा, आन घंट्या हे नाव मला पडलं ते पडलं. तर आता मी घरोघर जाऊन सांगितलं, बायायहो, ती साखर खाऊ नका, तिच्यात जहर हाय. गोजरबाई चुलीपासून फुकणी घिऊनच उठली. म्हणती, "आली बगा घंट्याची पाशिंजर! माणसं मरून राहिली आन ह्या मुडद्याला मस्करी सुचती. आमी साखर फेकायची, आन तू मागून चाटत बसायचं, व्हय रे?" सगळ्या बाया हसल्या. हैज्याच्या वाडीत तेवढंच एक हसू, आन तेबी माझ्या बोलण्याला.

ती साखर कुठून आली ते ऐक. लढाई सुरू झाल्यापासून साखर म्हंजी देवाचा अंगारा, चिमटीनं घ्यायची. वैशाख लागला तवा मालगाडी आली आन तिची एक बंद डब्याची वाघीण आपल्या टेसनावर सोडून गेली. तिच्यात साखरेची पोती व्हती, आन पोत्यायला खेटून चामड्याच्या गोदामाचं एक लाकडी पीप. कोण्या शहाण्यानं दोन्ही एकीत भरलं, त्याला इचारायला पाहिजे. वाघीण धक्क्याला लावायची तर इंजिनाची वाट बघायची असती. अण्णा म्हणाले, कशाला, ढकला. आमी ढकलली. ती उतारानं हातातून सुटली आन रूळ संपतो तिथल्या ठोकळ्यावर धाडदिशी आदळली. दार उघडलं तं पोती फाटलेली, पीप उललेलं, आन खाली सगळं पांढरं. साखर पांढरी, पिपातली भुकटीबी पांढरी.

आन आमची रीत तुला ठावं हाय. वाघिणीत जे सांडलं ते झाडून न्यायचा हक्क हमालांच्या बायांचा. रेल आली तवापासूनचा. ज्वारी सांडो का डाळ, बाया झाडू-सूप घिऊन येत्यात आन वाटे पाडत्यात. दर खेपेला अण्णा हापिसातून वरडतात, "टाकून द्या गं ते, घाण लागलीय त्याला!" आन दर खेपेला त्याच घाणीतलं सूपभर दुपारी तुमच्या घरी जातं. त्या दिवशीबी अण्णा वरडले. हात लावू नका, टाकून द्या म्हणले. तोंड चुन्यावानी झालं व्हतं त्यायचं, पण तोंडाकडं कोण बघतो? साखर, आन टाकून द्या म्हणं! बायांनी पदर तोंडाला लावले. भिकाबाई म्हणाली, "व्हय मास्तर, टाकतो की, तुमच्याच घरात आधी टाकतो." आन रीतीपरमाणं तुमचा वाटा पयला काढून तिनं तुझ्या आईच्या, आपल्या काकूच्या, डब्यात नेऊन घातला. मग बाकीचे वाटे पडले.

ऊन असं, का पाखरं झाडाखाली पडून राहिली व्हती. बायांनी लेकरायला सरबत करून पाजलं. मला भिकाबाईनं थेंब दिला न्हाई. मागं तिची गुळाची ढेप मी फस्त केली व्हती, त्याचा राग. डबाबी उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवला. तिनं लपवला म्हणून मी जिता हाय, आन ती मेली. आधी वांत्या, मग ढाळी, पायात गोळे, आवाज बसला. हैज्यातबी अस्संच व्हतं, म्हणून सगळे हैजाच म्हणले. आन घसा सुकतो म्हणून आजाऱ्याला काय पाजत्यात? साखरेचं पाणी. त्याच डब्यातलं. मायेनं, चमच्या चमच्यानं. जरा हुशारी वाटली का आनखी एक चमचा.

भिकाबाईला माती देऊन आलो त्या दुपारी मी तुमच्या परसातल्या लिंबावर चढून बसलो व्हतो. रडायचं व्हतं, आन मला रडताना कुणी बघितलं असतं तर तेबी मस्करीच वाटलं असतं. खाली अण्णा आले. धोतर खोचलेलं, हातात कुदळ. जन्मात कधी कुदळ धरली न्हाई त्या माणसानं. खड्डा खणला, काकूची साखर डब्यासकट पुरली, वरून माती लोटली, आन येवढं करून पायानं दाबत उभे राहिले. माझं डोकं म्हणलं, चोरून साठा करून राहिले, उकरू आन उद्या फलाटावर मांडू, मज्जा. अण्णा गेले तसा उतरून उकरला. डबा उघडा करून ठिवला तर तुमची काबरी कोंबडी आली, चार चोची मारल्या. मी तिथंच बसून व्हतो. ती जी आडवी झाली ती उठलीच न्हाई. मग मी गोदामामागं जाऊन पीप शोधलं. गोणपाटाखाली दडवलं व्हतं. त्याच्यावर कवटी काढलेली, आन खाली उर्दूत, इंग्रजीत काय काय. इंग्रजी मला कळत न्हाई, पण कवटी काय सासुरवाडीचा पत्ता म्हणून काढतात का?

सोमल हाय तो. चामड्याला लावत्यात, कीड लागू नये म्हणून. अण्णांनीच आपल्याला शिकवलं व्हतं ना, हापिसातल्या बाकावर बसवून? जहर, तेजाब, दारूगोळा, ह्यातलं काही रस्त्यात फुटलं का सांडलं, तर आधी तार, मग झाडू. वाघिणीला सील, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई, सायब येऊन बघंल तवर. तू ते पाठ म्हणून दाखवलं आन तुला पेढा मिळाला. मी "आधी पेढा, मग तार" म्हणलो तर मला दारामागं उभं केलं.

मी अण्णांकडं गेलो. खोटं बोलले न्हाईत, येवढं त्यायचं मानतो. पयल्यांदा म्हणले, "सोन्या, मी टाका म्हणलो व्हतो रे. तू व्हतास ना? मी म्हणलो व्हतो." मग म्हणले, त्या दिवशी तार केली असती तर बिगरइंजिनाची वाघीण काहून ढकलली ते निघालं असतं. आता केली तर तार काहून केली न्हाई तेबी निघंल. आन तार ज्या मोठ्या सायबाकडं जायची, उद्धवचा नोकरी पक्की व्हायचा कागद त्याच्याच मेजावर हाय. पोराचं बरं व्हऊ दे, मग बघू. आन बारीक आवाजात म्हणले, आता खाऊन संपली असंल सगळी. मी म्हणलो, न्हाई संपली. त्यायनं खिडकी लावून घेतली. सांजंला वाडी बंद झाली. दवाखान्याचा माणूस काट्यापलीकडं आला तवा मी वरडून सांगितलं, हैजा न्हाई, सोमल हाय. तो अण्णांकडं बघायला लागला. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणले, "टेसनावरचा मस्करा आहे तो, साहेब." तो हसला आन गेला.

तवापासून मी चोऱ्या करून राहिलो. काट्यातून पळून जाणं मला काही अवघड न्हाई, पण मी गेलो तर डबे कोण चोरंल? बाया हिरीवर गेल्या का घरात शिरतो, साखर उचलतो, खड्ड्यात पुरतो. गोजरबाईनं धरलं, फुकणीनं पाठ फोडली, आन आता सगळ्यायनं आपापल्या साखरा अशा लपवल्या का त्यायच्या त्यायलाच सापडू नये. पण आजारी माणसाला पाजायची येळ आली का सापडतात. आज रूपीच्या उशापाशी वाटी व्हती. मी ती लाथेनं उडवली. लखमा मामानं मला पयल्यांदा मारलं, आन मारून झाल्यावर हात जोडले, म्हणला, "तिचं तोंड तरी गोड व्हऊ दे रे, सोन्या. मरायलीच हाय ती." त्यानं शेजारून दुसरी मागून आणली तर मी किती वाट्या उडवू?

म्हणून हे पत्र. तार तू कर, उद्धवा. मोठ्या सायबाला कर, हिंगोलीच्या दवाखान्याला कर. कोणत्या टेसनावर, कोणतं पीप, काय सांडलं, आन कुणी कळवलं न्हाई, सगळं घाल. सरकारचा कागद सोमल म्हणला तर गोजरबाईबी साखर फेकंल, आन डाक्टर रूपीला हैज्याची सोडून सोमलाची दवा दील. मी काय मागून राहिलो ते मला कळतं. तुझा कागद फाटंल. अण्णांच्या हाती बेडी पडंल, आन ती तू घातली असं काकू जन्मभर म्हणंल. मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण ह्या लायनीवर मला वळखणारा तारबाबू तू एकटाच. आन एक गोष्ट तुला ठावं असंलच, तरी लिहितो. लायनीची तार एकच. तू तिकडं बोट ठिवलं का इथं अण्णांच्या मेजावरबी वाजणार. तार वाजवायचा तुझा हात त्यायनंच शिकवलेला हाय, पयल्या दोन अक्षरांतच त्यायला कळंल कोण बोलून राहिलं. थांबू नको. मी काट्याच्या फटीतून त्यायच्या खिडकीकडं बघत बसलो हाय.

तुझाच,
सोन्या