कारणाचा रकाना

ता. ९ जानेवारी १८६५, सोमवार.

आजपासून रोजनिशी. कारखान्यात इंग्रजी तारीख चालते, म्हणून मीही तीच चालवणार. तिथी मनात धरीन.

मला नोकरी लागली. अमरावतीहून बडनेऱ्याच्या वाटेला कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेससाठी वाफेचे इंजिन बनवणारा कारखाना उघडला आहे, तिथे. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारी मी पहिली. भातकुलीला आमच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरायची आणि मी आत दळता दळता ऐकायची. पोरे विसरली, मला राहिले.

हेड क्लार्क वामनराव म्हणाले, जमुनाबाई, तुम्ही धरून चौदा बायकांची हजेरी तुमच्याकडे. रजिस्टर नीट ठेवा. पहिले इंजिन चालले की तुम्हाला कायमची मुकादमीण करू, आवारात एक खोलीही देऊ.

अकोल्याला जानराव भाऊजींकडे निरोप धाडला. हे माझे मोठे दीर. आमचे घरधनी गेल्यापासून माझी काळजी तेच वाहतात. त्यांचे म्हणणे असे की मिरगाच्या आत नोकरी कायम झाली तर ठीक, नाही तर अकोल्यास यायचे. चांदूर बाजारचे एक स्थळ त्यांनी माझ्या पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, पाहून ठेवले आहे. गृहस्थांना चार लेकरे आणि दमा आहे. मी कायम होणारच, तेव्हा त्यावर विचार करण्याची गरज नाही.

ता. १० जानेवारी.

कामाचे स्वरूप समजले. लोखंड वितळवून साच्यात ओततात. साचा करायला माती, शेण आणि बकरीचे कापलेले केस लागतात, आणि हे सगळे पायाने तुडवून लोण्यासारखे मऊ करावे लागते. ते बायकांचे काम. कारखान्याचे इंग्रज साहेब एवढी विद्या जहाजात घालून घेऊन आले, पण शेण आमचेच लागले.

माझी समजूत होती की मी फक्त लिहायचे. वामनराव म्हणाले, लिहायला किती वेळ लागतो, घटकाभर. बाकी दिवस तुडवायचे. ही तात्पुरती व्यवस्था असावी.

ता. ११ जानेवारी.

रोजनिशीचे कागद ऑफिसातले रद्दीचे आहेत. रात्रभर मनाला टोचत राहिले. सकाळी वामनरावांना विचारले की हे घेतलेले चालतील ना. ते म्हणाले, फेकलेले कागद आहेत बाई, चुलीत घाला नाही तर डोक्यावर. परवानगी मिळाली.

ता. १८ जानेवारी, बुधवार.

रजिस्टराला चार रकाने आहेत. नाव, हजर, गैरहजर, कारण. कारणाचा रकाना मला फार आवडतो. माणूस का आले नाही हे कोणीतरी विचारते आहे, असे त्यात दिसते. संकल्प : कारण नेहमी खरे लिहायचे. ऐकीव लिहायचे नाही.

आज मैनाबाई उशिरा आली. वयाने साठीची, तोंडाने त्याहून मोठी. कारण विचारले तर म्हणाली, लिहून घे माय, म्हशीनं लाथ मारली. मी विचारले, कोणत्या पायावर. ती म्हणाली, म्हशीच्या का माह्या? बायका हसल्या. माझ्या येण्याने शेडमध्ये मोकळेपणा आला आहे.

ता. २ फेब्रुवारी, गुरुवार.

कामाच्या सोयीबद्दल अर्ज लिहिला. एक, तुडवायच्या जागेवर सावली नाही. दोन, पिण्याचे पाणी ऊन. तीन, ओतताना लोखंडाचे थेंब उडतात आणि आमचे पाय उघडे. आमच्यातल्या रुख्मिणीच्या पावलावर चिंचोक्याएवढा फोड आला आहे. तीन वेळा कच्चे लिहून चौथ्यांदा पक्के केले.

वामनराव म्हणाले, विचार सुरू आहे.

ता. ९ फेब्रुवारी.

वामनरावांनी आज खिशातून सुपारी काढली ती माझ्या अर्जात बांधलेली होती. म्हणजे अर्ज ते सतत जवळ बाळगतात.

ता. १४ फेब्रुवारी, मंगळवार.

मोठा साचा तडकला. आत ओतलेले लोखंड फुटून वाया गेले. साहेब काहीतरी बोलले, ते कोणी मराठीत सांगितले नाही.

साचे सूर्यभान मिस्त्री करतात. जातीने लोहार, हातात मोठे कसब. ते मला बाजूला घेऊन, जमिनीकडे पाहत म्हणाले, जमुनाबाई, तुमी शिकलेल्या, तुमाले सांगतो. दूर बसायच्या दिवसांत बाई साच्यापाशी आली का साचा तडकतो. माह्या बापाच्या भट्टीले बी असंच झालं होतं. त्या चार दिवसांत कोणीच येऊ नये, एवढं पाहा.

मी म्हटले, पाहते. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता.

ता. १५ फेब्रुवारी.

फाटकापाशी उभी राहून एकेकीला कानात विचारले. पाचव्या बाईपर्यंत सगळे ठीक चालले. मैनाबाई म्हणाली, तू काय आमची सासू व्हय? मले इचारून काय करतं, माहं तं वीस वर्सांमागंच आटपलं. आन् बाकीच्यायले कायले इचारतं? वावरात कोणी इचारते का? गपचूप येतात, गपचूप जातात.

मी तिला समजावले की वावर आणि कारखाना यांत फरक आहे. इथे नियम असतो.

ती म्हणाली, नियम त्या मिस्त्रीचा हाय. रजिस्टर तुहं हाय. पाहून घे.

म्हातारीला लिहिता येत नाही, म्हणून तिला रजिस्टराचे भय वाटते.

ता. १७ फेब्रुवारी.

दोघी दूर बसल्या. गैरहजर लिहिले. मग कारणाच्या रकान्याशी अडले. ते रजिस्टर वामनराव वाचतात, हिशेबनीस वाचतात, साहेबांना वाचून दाखवतात. पुरुषांच्या हातात जाणाऱ्या वहीत असे कसे लिहावे? आजारी लिहिले असते, पण त्या आजारी नव्हत्या, ते खोटे झाले असते. बराच वेळ बोरू हातात धरून बसले. शेवटी रकाना रिकामा ठेवला. खोटे लिहिले नाही आणि लाजही राखली. दोन्ही साधले.

मिस्त्रींना माहीत आहेच. वेळ आली तर ते सांगतील.

ता. ७ मार्च, मंगळवार.

रुख्मिणी लपून आली. तिच्या डोळ्यांवरूनच ओळखले. विचारले तर नाही म्हणाली, शपथ घे म्हटले तर मान फिरवली. परत पाठवली. म्हणाली, बाई, एक डाव जाऊ द्या, घरी सासरा खाटंवर हाय, आज गेलं तं उद्या चूल नाई. मी सांगितले, तुझ्या एकटीसाठी अख्खे इंजिन तडकेल.

ती रडत गेली. खोटे बोलण्याचे ओझे उतरले की माणसाला असे रडू येते.

ता. ८ मार्च.

साचा पुन्हा तडकला. काल शेडमध्ये शंका घेण्यासारखी एकही बाई नव्हती. मी स्वतः दूर होते, म्हणून आवाराबाहेर कडुनिंबाखाली बसून नजर ठेवली होती. मिस्त्री म्हणाले, ओततानी हिशेबनीस शिंकला. मैनाबाई म्हणाली, माती ओली होती, मी दोनदा सांगतलं.

माझेही चार दिवस गैरहजर लिहिले. कारण रिकामे. सर्वांना एक न्याय.

ता. २४ मार्च, शुक्रवार.

मोठा सिलिंडर अखंड उतरला. साहेबांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलेसे वाटले. ते घाम पुसत असतील, पण पाहिलेसे वाटले.

आवारातली खोली आज बाहेरून पाहिली. पूर्वेला एक खिडकी. कोनाडा आहे. आत सध्या कोळसा आहे.

ता. १२ एप्रिल, बुधवार.

बाजारात बोलतात की मुंबईला कापसाचा भाव पडू लागला. विलायतेची मागणी घटली तर नव्या प्रेस कोण घेणार, अशी कुजबुज. मला त्यात काळजीचे कारण दिसत नाही. भाव पडला तर इंजिन काय कापूस खाते?

पहिले इंजिन जोडणे सुरू. संकल्प : खोली शेणाने मी स्वतः सारवीन. आता त्यात कोणी माझा हात धरणार नाही.

ता. ३ मे, बुधवार.

इंजिन चालले. धूर निघाला, चाक फिरले, शिट्टी झाली आणि दोन बैल दावे तोडून पळाले. साहेबांनी गूळ वाटला. वामनराव जवळून जाताना म्हणाले, जमुनाबाई, रजिस्टर उद्या ऑफिसात आणून द्या, साहेब बायकांचा निकाल करणार आहेत.

निकाल म्हणजे माझी नेमणूक. सगळ्या पानांचे कोपरे सरळ केले. डाग पडलेले एक पान रात्री पुन्हा उतरवून काढले.

ता. ८ मे, सोमवार.

लिहावेसे वाटत नाही. तरी क्रमाने लिहिते.

सकाळी वामनरावांनी ऑफिसाच्या पायरीवर सगळ्यांना उभे केले. कामे कमी झाली, माणसे कमी करायची. साहेबांनी नियम केला आहे की ज्या बाईने महिन्यात तीन दिवसांहून अधिक नागा, म्हणजे खाडा, केला आणि कारण दिले नाही, तिला काढावे. मग माझेच रजिस्टर उघडून नावे वाचली. तेरा नावे. अक्षर फार सुवाच्य आहे, असे म्हणाले. बारावे रुख्मिणीचे होते, तेरावे माझे.

मी म्हटले, कारण आहे. ते म्हणाले, मग लिहिले का नाही, रकाना त्यासाठीच आहे. मी मिस्त्रींकडे पाहिले. म्हटले, मिस्त्री सांगतील. सूर्यभान मिस्त्री चाकाला तेल देत होते. वामनरावांनी विचारले तर मान वर न करता म्हणाले, बायकांच्या गोष्टी मले काय ठावं? मी तं साच्याचं पाहतो.

तेल नको तिथेही देत होते.

चौदावे नाव मैनाबाईचे. महिनोन्‌महिने एक नागा नाही, म्हशीच्या लाथेचा अर्धा दिवस सोडून, आणि त्याचे कारण लिहिलेले. तिला कायमची मुकादमीण केले. खोलीही दिली. ती म्हणाली, मले अक्षर येत नाई. वामनराव म्हणाले, आता हजेरी घ्यायला राहिलेच कोण?

फाटकाबाहेर मला वाटले होते बायका माझ्याभोवती गोळा होतील. रुख्मिणी एवढेच म्हणाली, जमुनाबाई, तुमी आमाले पाठवून देल्लं तं देल्लं, पण मले वाटलं होतं तुमी शिकलेल्या हा, तुमी आतमंदी सांगून ठेवलं असन.

 

ता. १० मे, बुधवार.

दोन दिवस विचार केला. मिस्त्रींनी दगा दिला हे खरे. पण ते चारचौघांसमोर बोलायला लाजले असतील. आणि वामनरावांना कारण माहीत नव्हते. साहेबांना तर नाहीच. म्हणजे सगळी गोष्ट फक्त कळवण्याची राहिली आहे.

अर्ज लिहिला, थेट साहेबांना. तेरा बायकांच्या वतीने. नागे मिस्त्रींच्या हुकमावरून झाले, साचे राखण्यासाठी झाले, सगळे खोलून लिहिले. शेवटचे वाक्य असे : सदर बायका दर महिन्यास चार दिवस येत नाहीत याचे कारण, आणि तिथे अडले. पाच वेळा लिहायला घेतले. शेवटी तेवढी दोन शब्दांची जागा मोकळी सोडून पुढे लिहिले की, हे असून हुजुरांनी विचार करावा. साहेबांची मडम कामठीला राहते असे ऐकले आहे. ते समजतील.

ता. १६ मे, मंगळवार.

अर्ज परत आला. वर वामनरावांच्या हाताने लाल शाईत : कारण नमूद नाही, सबब अर्ज अपुरा.

हरकत रास्त आहे.

संध्याकाळी मैनाबाई आली. पदरात ज्वारीच्या दोन भाकरी. म्हणाली, म्या वामनरावाले सरळ तोंडावर सांगतलं, बापा, त्या बायका दूर बसत होत्या, मिस्त्रीच बसवत होता. मी विचारले, मग? ती म्हणाली, मग काय, तो म्हणे मले पयल्याच दिवशी ठावं होतं, माह्या घरी नाई का बायको. साहेबानं तेरा कमी कर म्हटलं होतं, रजिस्टरात तेरा रकाने आयते रिकामे सापडले.

ती म्हणाली, खाय आता, गार होते.

म्हातारीला ऐकू कमी येते. काहीतरी चुकीचे ऐकले असेल.

ता. २९ मे, सोमवार. अकोला.

परवा जानराव भाऊजींची गाडी आली. त्यांचे घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या बोळात. भाऊजींनी बाहेरच्या खोलीतून मोठ्याने विचारले, नोकरी काहून गेली. मी त्यांच्यासमोर बोलत नाही, म्हणून जाऊबाई पार्वताबाईंच्या कानात सांगितले. त्यांनी दारापाशी जाऊन सांगितले, काई नाई, तशीच गेली. भाऊजींनी शेजारच्या गोवर्धनरावांना सांगितले, कामचुकार होती, कारण सांगाले बी जागा नाई. चांदूर बाजारवाले पुढच्या गुरुवारी येणार आहेत.

चूल, पाणी, गोठा, आठ माणसांचे दळण माझ्याकडे आले. रजिस्टर नाही.

आज सकाळपासून दूर बसले आहे. जाऊबाईंनी न विचारता ताट बाजूला वाढले आणि चूल स्वतःकडे घेतली. तेव्हा कामाच्या अटी इथे कारखान्यापेक्षा बऱ्याच म्हणायच्या. चार दिवस सुटी, कारण द्यावे लागत नाही. पगारही नाही, त्यामुळे कामावरून काढण्याची भीती नाही.