लाल डोक्यांची खोली

३ मार्च
आले बाई एकदाची नव्या घरी! वरची खोली, गजांच्या खिडकीतून भरपूर ऊन. खाली घरमालक एकटेच. सगळे त्यांना काडीकाका म्हणतात, कारण ते काडेपेटीच्या काड्यांची घरं करतात. ऐकून हसू आलं आणि डोळेही भरले. आमच्या ह्यांनाही हाच नाद. त्यांचं अर्धं राहिलेलं दीपगृह मी मांडीवर घेऊनच आले, खिडकीत ठेवलं. हे म्हणायचे, आधी काडीचं लाल डोकं उडवायचं, मगच गोंद; नाहीतर शोभेची वस्तू नव्हे, शेकोटी होते.

६ मार्च
काकांनी कपाटातली घरं दाखवली. कौलं, कठडे, सगळं हुबेहूब. आजवर जिथे राहिले ती घरं म्हणे. प्रत्येकात एकच खोली काळी. विचारलं तर म्हणाले, जुन्या काड्या काळ्या पडतात हो वहिनी. एकाच खोलीच्या बऱ्या पडतात!

९ मार्च
आता ते हेच घर करताहेत. त्यात माझी खोली: खुर्ची, टेबल, खिडकीत कणभर दीपगृह. काका तर कधी वर आलेले नाहीत. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली म्हणाली, आधीची बाई चष्मासुद्धा न घेता गेली. तुम्हीही एकट्याच का हो? काकांनीही हेच विचारलं होतं.

११ मार्च
काका चहा टाकायला गेले तेव्हा छोट्या घरावरून बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत. माझ्या खोलीच्या भिंती खरखरीत. तिथल्या काड्यांची डोकी उडवलेलीच नाहीत. फक्त तिथल्या.
हात चुकला असेल. इतक्या सफाईच्या माणसाचा?

१२ मार्च
घर सोडते म्हणून सांगितलं. काका म्हणाले, खुशाल जा.
वर आले तर खिडकीत दीपगृह नाही.
ह्यांच्या हातचं तेवढंच उरलंय. ते टाकून कशी जाऊ?

१३ मार्च, दुपार
बॅग घेऊन खाली गेले, दीपगृह मागितलं. काका म्हणाले, पूर्ण करून तुमच्याच टेबलावर ठेवलंय वहिनी. तेवढ्यात छोट्या घराकडे नजर गेली. माझ्या टेबलाशी एक काडी बसवलीय. वाकवून. लिहायला बसल्यासारखी.
तरी वर आले. कशाला आले!
दीपगृह आहे. खालचा अर्धा भाग ह्यांचा. वरचा — नुसती लाल डोकी.
दार उघडत नाही. हाका मारल्या. इस्त्रीवालीचं दुकान बंद. कोणाला तरी कळावं म्हणून लिहितेय — टेबलाशी — वाकून —
भिंतीला हात लावला. खरखरीत.
खाली काडी ओढल्याचा आवाज. पेटली नाही.
काका दुसरी